सुधाकराला शिक्षा कोणी द्यायची?

बेळगावातून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलं की आधी हिंडलगा येतं आणि पुढे उचगाव. हिंडलग्याला मध्यवर्ती कारागृह आहे, उचगावला मळेकरणी देवी. अपराधाचं काय करायचं, या प्रश्नाला माणसाने शोधलेली दोन जुनी उत्तरं या एका रस्त्यावर थोड्याशा अंतराने उभी आहेत. तुरुंगाचं उत्तर सरळ आहे: गुन्हा शाबीत झाला, आता इतकी वर्षं भर. देवीपुढचं उत्तर त्याहून जुनं. या भागातल्या, आणि खाली चंदगड-सावंतवाडीकडच्याही गावांत देवाला गाऱ्हाणं घातलं जातं, तेव्हा कळत-नकळत घडलेली चूकभूल पोटात घालण्याची विनवणी त्यात असतेच. राहिलेला नवस असेल तर तो फेडला जातो, चार माणसं पानावर बसतात आणि मनावरचं ओझं थोडं हलकं होतं. दोन्ही उत्तरांत फरक पुष्कळ आहे, पण एक गोष्ट सारखी आहे. चुकलेला माणूस तिथे एकटा नसतो. त्याचं ऐकून घेणारं आणि ‘तुझ्याकडे एवढं देणं निघतं’ असं सांगणारं कोणीतरी त्याच्या समोर असतं. मराठीतली सगळ्यांत गाजलेली शोकांतिका, राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’, ही असं कोणीही समोर नसलेल्या माणसाची गोष्ट आहे. शंभर वर्षं आपण ते दारूचं नाटक म्हणून पाहत आलो. ते दारूचं आहेच. पण त्याच्या गाभ्याशी आहे तो अपराध, आणि ज्याला न्यायाधीश मिळाला नाही असा अपराध.

या नाटकाचा बेळगावशी तसा थेट संबंध नाही, पण वळसा घालून आहे. ज्या संगीत रंगभूमीवर ते उभं राहिलं तिचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. बेळगावात त्यांनी मास्तरकी केली आणि गोविंद बल्लाळ देवल तिथेच त्यांचे विद्यार्थी होते. पुढे अण्णासाहेबांच्या नावाने चाललेल्या किर्लोस्कर नाटक मंडळीत पोरसवदा गडकरी नोकरीला लागले आणि नाटकाचं वेड त्यांना तिथे पक्कं जडलं. त्याच मंडळीतून १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी फुटून निघाली आणि ‘एकच प्याला’ तिनेच केलं. पहिला प्रयोग २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्याला झाला. तो पाहायला नाटककार हयात नव्हता. गडकरी २३ जानेवारीला सावनेरला वारले होते, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली, सिंधू झाले बालगंधर्व, सुधाकर गणपतराव बोडस. बालगंधर्वांच्या फाटक्या लुगड्यातल्या सिंधूने प्रेक्षकांना इतकं रडवलं की सुधाकराच्या मनात काय चाललंय इकडे लक्ष द्यायला फारसं कोणाला सवड झाली नसावी. नटाचं मोठेपण कधीकधी नाटकाच्या आड येतं, त्याचं हे एक उदाहरण म्हणता येईल.

गोष्ट थोडक्यात अशी. सुधाकर हा हुशार, गरिबीतून वर आलेला, मानी वकील. भर कोर्टात त्याचा अपमान होतो, तोल जाऊन तो उलट बोलतो आणि काही काळापुरती त्याची सनद काढून घेतली जाते. ही जखम विसरण्यासाठी त्याचा कारकून तळीराम त्याच्या हातात पहिला पेला देतो. पुढे वकिली जाते, पैसा जातो. बायको सिंधू श्रीमंत बापाची लेक. पण माहेरचा पैसाही घ्यायचा नाही असा तिचा निर्धार, म्हणून ती दुसऱ्यांचं दळण दळून पोट भरते. मध्ये एकदा सुधाकर सावरतो, दारू सोडण्याची शपथ घेतो, आणि पुन्हा घसरतो. शेवटी दारूच्या भरात त्याच्या हातून तान्हं मूल मरतं, सिंधूच्या डोक्यावर काठी बसते, आणि तोही विषाचा पेला पिऊन मरतो. एवढ्या सांगाड्यावरून कोणीही म्हणेल की यात काय मोठं, दारू वाईट, संपलं. पण मग एक प्रश्न उरतो. सुधाकर दुसऱ्यांदा दारूकडे वळतो तेव्हा त्याला विसरायची असते ती जखम कोणती? कोर्टातला अपमान तर जुना झाला. आता त्याला विसरायचं आहे ते स्वतःचंच कृत्य.

हे नीट पाहण्यासाठी मधला सावरण्याचा भाग जवळून वाचायला हवा. शुद्धीवर आलेला सुधाकर निव्वळ दारू सोडत नाही, तो आपल्या संसाराची राखरांगोळी डोळ्यांनी पाहतो. त्याला स्वतःची घृणा येते. ही घृणा घेऊन तो नोकरी मागायला बाहेर पडतो. पूर्वी बरोबरीने उठबस केलेल्या प्रतिष्ठित मंडळींच्या दारात उभा राहतो. तिथे त्याला काय मिळतं? तू दारुडा आहेस, एवढाच शेरा. हा शेरा खोटा नाही, म्हणूनच तो जिव्हारी लागतो. पश्चात्ताप झालेला माणूस दुसऱ्याकडून खरं तर दोनपैकी एक गोष्ट मागत असतो: एक तर मला शिक्षा सांगा, नाही तर भरपाई करायला काम द्या. सुधाकराला या दोन्ही गोष्टी मिळत नाहीत, मिळते ती हेटाळणी. हेटाळणी ही शिक्षा नव्हे, कारण तिला शेवट नसतो. इतके दिवस भोगलंस, आता तू मोकळा, असं हेटाळणी करणारा कधी म्हणत नाही. तिथून सुधाकर पुन्हा पेल्याकडे जातो. पहिल्या वेळी अपमानाने त्याला पाजलं होतं, या वेळी अपराधाने पाजलं. आणि या दुसऱ्या खेपेपासून नाटक खरं भीषण होतं, कारण आता प्रत्येक पेला नवा अपराध घडवतो आणि प्रत्येक नवा अपराध पुढचा पेला मागतो. दारूच्या व्यसनाचे टप्पे सुधाकर आपल्या मित्राला, रामलालला, स्वतः समजावून सांगतो, ते त्याचं भाषण मराठी रंगभूमीवर प्रसिद्धच आहे. त्यातली ठळक गोष्ट ही की त्याला सगळं कळतं. कुठे परतता आलं असतं आणि कुठून परतता येत नाही, हे तो एखाद्या खटल्यासारखं मांडतो. आरोपीही तोच, सरकारी वकीलही तोच. न्यायाधीशाची खुर्ची मात्र रिकामी.

आता पाचवा अंक. मूल गेलेलं आहे, सिंधू मरणाच्या दारात आहे, फौजदार जबानी घ्यायला आला आहे. तिचा भाऊ पद्माकर संतापलेला आहे, त्याला सुधाकराला सोडायचं नाही. आणि सिंधू सांगते की नवऱ्याचा यात काही दोष नाही, आपल्याला लागलं ते आपण पडलो म्हणून. पिढ्यान्‌पिढ्या या प्रसंगाकडे पातिव्रत्याची कमाल म्हणून पाहिलं गेलं. पण सुधाकर वकील आहे हे आपण विसरतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातलं कलम ३२ त्याला पाठ असणार. मेलेल्या माणसाचं ऐकीव बोलणं एरवी कोर्ट पुरावा म्हणून घेत नाही. पण आपल्याला मरण कशामुळे आलं याबद्दल मरणाऱ्याने सांगितलेलं कोर्ट ऐकतं. मरताना माणूस सहसा खोटं बोलणार नाही, हा त्यामागचा जुना समज. सिंधू आयुष्यात बोलली नसेल असं खोटं नेमकं त्या घटकेला बोलते, जिथे खोट्याला खऱ्याइतकंच वजन येतं. परिणाम काय, तर सुधाकर कायद्याच्या हातून सुटतो. त्याच्यावर खटला चालणार नाही, त्याला कोणी पिंजऱ्यात उभं करणार नाही, हिंडलग्यासारख्या एखाद्या भिंतीआड तो आपली वर्षं मोजणार नाही. तिची ती जबानी आणि त्याचा तो रसकापूर घातलेला पेला शेजारीशेजारी ठेवून वाचावेत. कायद्याने द्यायची शिक्षा तिने काढून घेतली. मग ती शिक्षा द्यायला एकच माणूस उरला, आणि त्याच्याजवळ एकच हत्यार होतं. नाटकाचं नाव शेवटच्या वेळी उच्चारलं जातं ते या अर्थाने.

जगातल्या दुसऱ्या शोकांतिकांशी ताडून पाहिलं तर गडकऱ्यांनी काय वेगळं केलं ते कळतं. योगायोग असा की अशा दोन जगप्रसिद्ध नाटकांना मराठीत आणणारे दोघेही बेळगावशी जोडलेले आहेत. १९२९ मध्ये बेळगावात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष शिवराम महादेव परांजपे. ‘काळ’कर्ते म्हणून ते सर्वांना ठाऊक, पण ‘मॅक्बेथ’चं रूपांतर करून ‘मानाजीराव’ लिहिणारे तेच. आणि बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात काही काळ शिकवणाऱ्या पु. ल. देशपांड्यांनी पुढे ‘राजा ईडिपस’ मराठीत आणलं. सोफोक्लिसचा ईडिपस नकळत बापाला मारतो, नकळत आईशी लग्न करतो. आपल्या गाऱ्हाण्यातलं ते ‘नकळत’ त्याला लागू पडावं, इतका तो निर्दोष आहे. तरी सत्य कळल्यावर तो डोळे फोडून घेतो आणि हद्दपारी मागतो. पण हे सारं घडतं ते थीब्जच्या लोकांसमोर. साथ का आली याचा तपास राजा म्हणून त्याने स्वतः उघड्यावर सुरू केलेला असतो, अपराध्याला काय शिक्षा व्हावी हे त्याने आधीच जाहीर केलेलं असतं, आणि ती तो स्वतःवर ओढवून घेतो. नगर साक्षी आहे. ईडिपसचं दुःख भयंकर आहे, पण त्याला आकार आहे. तो नाटकाच्या शेवटी जिवंत आहे. सोफोक्लिसने त्याच्या म्हातारपणावर पुढे आणखी एक नाटक लिहिलं आणि त्यात त्याला शांत मरण दिलं, हे उगाच नाही.

‘मॅक्बेथ’ सुधाकराच्या जास्त जवळचा. तिथे राजाचा खून उरकल्यावर नवरा-बायको दोघेही आतून सडत जातात, आणि बाई रात्री झोपेत चालत हातावरचे न दिसणारे डाग धूत राहते. शेक्सपियरने त्या प्रसंगात दोन माणसं आडोशाला उभी केली आहेत, एक दासी आणि एक वैद्य. ती सगळं कबूल करते, पण झोपेत; ऐकणारे ऐकतात, पण चोरून. वैद्य शेवटी म्हणतो की हा रोग माझ्या हातातला नाही, हिला माझ्यापेक्षा धर्मगुरूची गरज आहे. कबुली आहे आणि श्रोताही आहे, पण दोघांची गाठ पडत नाही. पुढे ती मरते, पडद्याआड. वि. वा. शिरवाडकरांनी १९५४ मध्ये याच नाटकाचं ‘राजमुकुट’ केलं, त्यातही हा प्रसंग अर्थातच आहे. तो गाळून ‘मॅक्बेथ’ करता येत नाही. सुधाकरातही हेच आहे. त्याच्या कबुल्यांना तोटा नाही, पण त्या बहुतेक पेल्यापुढे दिलेल्या, किंवा सिंधूपुढे. आणि सिंधूपुढे दिलेली कबुली जमिनीवर पडायच्या आत ती झेलते आणि पदराआड लपवते.

याच्या अगदी उलट उदाहरण मराठीतच आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’ १९०९ मध्ये रंगभूमीवर आलं. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. त्यामागे चुलते रघुनाथराव होते, आणि ‘ध’चा ‘मा’ आनंदीबाईंनी केला अशी लोकांत चालत आलेली कथा. खाडिलकरांची आनंदीबाई लेडी मॅक्बेथच्या कुळातली आहे हे समीक्षकांनी पूर्वीच दाखवलं आहे. पण शेक्सपियरकडे नसलेलं एक पात्र खाडिलकरांना इतिहासाने आयतं दिलं: रामशास्त्री प्रभुणे. सत्ता ज्याच्या हातात आहे त्याला समोरासमोर देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश. रघुनाथरावाने ते प्रायश्चित्त घेतलं नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. तो इंग्रजांकडे गेला, १७७५ मध्ये सुरतेचा तह केला, मराठ्यांच्या घरात लढाई आणली आणि १७८३ मध्ये कोपरगावला वारला. म्हणजे न्यायाधीश असूनही काही फरक पडला नाही, असा आक्षेप इथे घेता येईल. फरक पडला, पण तो रघुनाथरावाच्या वागण्यात नाही. अपराधाला नाव मिळालं आणि तो अपराध करणाऱ्याच्या मनाबाहेर येऊन चारचौघांत उभा राहिला. बाहेरच्या न्यायाधीशाशी माणूस भांडू शकतो, त्याला टाळू शकतो, परमुलखात पळू शकतो. सुधाकराला पळायला जागाच नाही, कारण त्याचा रामशास्त्री त्याच्याच छातीत बसलेला आहे, आणि त्याला दारू पाजल्याशिवाय तो गप्प बसत नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ येतो. गडकऱ्यांच्या काळात दारूबंदीची चळवळ जोरात होती. १९०८ मध्ये टिळकांच्या अनुयायांनी पुण्यात गुत्त्यांसमोर निरोधन केलं होतं. त्या हवेत लिहिलेलं हे प्रचारनाट्य आहे, त्यात अपराधाचं तत्त्वज्ञान कशाला शोधायचं? प्रचाराचा अंश त्यात आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. नाटकातल्या दारुड्यांच्या कंपूचे, म्हणजे आर्य मदिरा मंडळाचे, विनोदी प्रवेश बेवड्यांची टिंगल करायलाच लिहिलेले आहेत. पण निव्वळ प्रचार करायचा असता तर तळीराम पुरे होता. तळीराम पितो, आजारी पडतो आणि पिण्याच्याच नादात मरतो. बायकोचा, गीतेचा, त्याने छळ केला. त्याची खंत त्याला कधी शिवत नाही. दारूने शरीर खलास होतं एवढंच सांगायचं असेल तर तळीरामाचं मरण त्याला पुरेसं आहे, आणि प्रेक्षक त्या मरणाला बऱ्यापैकी हसतात. दुसऱ्या टोकाला भगीरथ आहे. प्रेमभंगाच्या दुःखाने तोही मंडळात येऊन प्यायला लागतो, पण रामलाल त्याला ओढून काढतो, काम देतो आणि तो सुधारतो. म्हणजे गडकऱ्यांच्या नाटकात दारू सुटू शकते! तीन दारुडे: एक बेशरम, एक दुखावलेला, एक अपराधी. बेशरम मरतो पण शोकांतिका होत नाही, दुखावलेला वाचतो, अपराधी मात्र बुडतो. दारू तिघांची एकच. फरक पेल्यात नाही, तो हातात धरणाऱ्याच्या मनात आहे, आणि नाटककाराने तो मुद्दाम मांडला आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो आजच्या माणसाचा आहे. व्यसन हा आजार आहे, आज वैद्यकशास्त्रही तेच मानतं. मग अपराधाची भाषा करून आपण रोग्यालाच दोष देत नाही का? दोष देण्याचा हेतू असता तर आक्षेप बरोबर होता. पण व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्यांनी अपराधभावाला कधी वगळलेलं नाही, उलट त्याची नीट व्यवस्था लावली आहे. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन दारुड्यांनी सुरू केलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्या पाहा. त्यांतली पाचवी पायरी म्हणजे आपण काय काय चुकलो ते दुसऱ्या जिवंत माणसापुढे बोलून दाखवणं. आठवी म्हणजे ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी करणं. नववी म्हणजे शक्य तिथे त्यांची भरपाई करणं. सुधाकराला नेमक्या याच तीन गोष्टी मिळाल्या नव्हत्या. पुण्यात १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचटांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं, त्याला आर्थिक हात दिला तो पुलं आणि त्यांच्या पत्नी सुनीताबाईंनी. तिथे चालणाऱ्या गटांमध्ये एक माणूस बोलतो आणि त्याच वाटेने गेलेली बाकीची माणसं ऐकतात. ऐकणारे त्याला शिव्याही देत नाहीत आणि पदराआडही घालत नाहीत. नोकरी मागायला गेलेल्या सुधाकरासमोर असं एक जरी माणूस बसलं असतं, तर गडकऱ्यांचं नाटक चौथ्या अंकातच संपलं असतं. व्यसन आजार आहे हे खरं मानलं तरी त्या आजाराचं पोषण अपराधभावावर कसं होतं हे समजून घेणं उपचाराचाच भाग आहे, आणि ते गडकऱ्यांनी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस जन्माला येण्याच्या सोळा वर्षं आधी रंगभूमीवर दाखवलं.

तिसरा आक्षेप मला स्वतःला सगळ्यांत अवघड वाटतो. सिंधूने क्षमा केली म्हणून सुधाकर मेला, असं म्हणणं म्हणजे मार खाणाऱ्या बाईच्याच डोक्यावर खापर फोडणं नव्हे का? तसं म्हटलं तर अन्यायच होईल. सिंधूच्या हातात दुसरं काय होतं? १९१९ च्या घरंदाज बाईला नवऱ्याविरुद्ध फौजदारापुढे बोलण्याची वाट समाजाने मोकळी ठेवली नव्हती. बोलली असती तर तिच्या त्या मरणाचीही चेष्टा झाली असती. गीता तळीरामाला चढ्या आवाजात चार शब्द सुनावते, पण ते विनोदाच्या प्रवेशात. प्रेक्षक तिला टाळी देतात, तिच्यामागे उभे राहत नाहीत. तेव्हा प्रश्न सिंधूच्या मनाच्या मोठेपणाचा नाहीच. ज्या घरात बाईला आरोप करण्याचा अधिकार नाही त्या घरात तिच्या क्षमेलाही किंमत उरत नाही, कारण क्षमा न करण्याची मुभाच तिला कधी नव्हती. मागायच्या आधीच मिळालेली, आणि नाकारता येणारच नव्हती अशी क्षमा माणसाला मोकळं करत नाही, ती त्याला त्याच्या अपराधापाशी एकटं सोडून देते. सुधाकर ज्या पुरुषपणाच्या तोऱ्यावर उभा होता त्यानेच त्याच्या सुटकेची वाट बंद केली. गडकऱ्यांना हे या शब्दांत म्हणायचं होतं का, याची चर्चा निराळी. त्यांनी सिंधूची पूजाच बांधली आहे. पण चांगलं नाटक नाटककाराच्या मतापेक्षा पुढे जातं.

मग चारचौघांचा न्याय हाच इलाज, असंही कोणी समजू नये. १९६७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ने त्या समजुतीची पुरती वाट लावली. तिथे न्यायाधीश आहे, वकील आहेत, साक्षीदार आहेत, पण खेळातलं कोर्ट बघताबघता नायिका बेणारे बाईंना फाडून खातं, कारण न्याय करायला बसलेल्या प्रत्येकाला आपापल्या आयुष्यातला पराभव तिच्या माथी मारायचा आहे. सुधाकराला हेटाळणारे त्याचे जुने प्रतिष्ठित मित्र आणि बेणारेला घेरणारी ही मंडळी एकाच जातीची. म्हणून ऐकणारा कोण आहे याला महत्त्व आहे. ‘एकच प्याला’त असा लायक माणूस एकच आहे, रामलाल, आणि त्याची लायकी कुठून आली हे गडकऱ्यांनी एका आडवळणाच्या धाग्यातून दाखवलं आहे. सुधाकराची बालविधवा बहीण शरद रामलालच्या देखरेखीखाली शिकते. भगीरथ आणि शरद यांचं मन जुळताना पाहून रामलालला स्वतःच्या मनातली अभिलाषा दिसते, मत्सर दिसतो, आणि तो हादरतो. हा उपकथानकाचा भाग प्रयोगात बऱ्याचदा कापला जातो, लांबी कमी करायची म्हणून. पण त्यात रामलाल जे करतो ते सुधाकराला जमलेलं नाही. तो आपली चूक चूक म्हणून ओळखतो, तिच्यावर दुःखाचा सोहळा करत नाही, ती तिथल्या तिथे कबूल करतो आणि त्या दोघांची वाट मोकळी करतो. अपराध छोटा, भरपाई लगेच, आणि विषय संपला. दुर्दैव असं की सुधाकराला ज्या वेळी त्याची गरज होती त्या वेळी रामलालकडे उपदेश होता, ही समज नव्हती. ती आली तेव्हा फार उशीर झाला होता.

सुधाकराच्या खंतीत अहंकाराचाही वाटा आहे, हे मान्य करायला हवं. कोर्टात ज्या मानी स्वभावाने त्याला उलट बोलायला लावलं, तोच पुढे आतल्या बाजूला वळला. आपण किती मोठे पापी आहोत याचंही माणसाला एक व्यसन लागतं. त्यातही मध्यभागी आपणच असतो. सिंधूच्या हातांना जात्यामुळे पडलेले घट्टे पाहून सुधाकराला आपली लाज वाटते, पण जातं ओढायला तो एकदाही बसत नाही. खंतीचं रूपांतर कामात झालं नाही की ती स्वतःभोवतीच फिरत राहते. शेवटचा विषाचा पेला हे त्याला वाटतं तसं प्रायश्चित्त नाही. त्याने सिंधूचं किंवा मेलेल्या बाळाचं काहीच भरून येत नाही. तो पेला म्हणजे दिवाळखोराने दुकानाला आग लावण्यासारखं आहे: घेणेकऱ्यांच्या हाती राखच येते.

उचगाव, कडोली, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी, बेळगुंदी ही बेळगावभोवतीची गावं दरवर्षी मराठी साहित्य संमेलनं भरवतात, आणि यात्रा-उत्सवात नाटक बसवण्याची हौसही या भागात अजून टिकून आहे. ‘एकच प्याला’ बसवायला घेणाऱ्या हौशी मंडळींना म्हणून एक विनंती. वेळेसाठी काटछाट करावीच लागते. पाच अंकांचं नाटक जसंच्या तसं आज कोणी करणार नाही. पदं कमी करा, मदिरा मंडळाचे विनोद कमी करा. पण सुधाकर नोकरी मागायला जातो तो प्रवेश, रामलाल स्वतःच्या मनाशी झगडतो तो प्रवेश, आणि फौजदारापुढची सिंधूची जबानी या तिन्हींना हात लावू नका. आणि त्या जबानीच्या वेळी सगळा उजेड सिंधूवर टाकू नका. थोडा सुधाकराच्या चेहऱ्यावरही राहू द्या. तो वकील आहे. आपण सुटलो, हे त्या घटकेला त्याला सगळ्यांच्या आधी कळलेलं असतं.